वाळूतील कणबंधन आणि द्रवीभवन-प्रतिकार

वाळूचे कण एकमेकांना जेथे टेकतात तेथे एखादे बंधक द्रव्य साचून ते कण परस्परांशी जोडले जाणे, यास कणबंधन म्हणतात. अभियांत्रिकी व्यवहारात यासाठी सिमेंटेशन हा शब्दही रूढ आहे. बंधक द्रव्य निसर्गतः साचलेले असू शकते (उदा. कॅल्साइट, सिलिका, लोहाची ऑक्साइडे) किंवा माणसाने मुद्दाम मिसळलेले असू शकते (उदा. पोर्टलंड सिमेंट, चुना, कलिली सिलिका, जीवाणूंच्या साहाय्याने निर्माण केलेला कॅल्साइट). पाण्याने संपृक्त झालेली सैल वाळू भूकंपाच्या हादऱ्यांनी आपले बळ गमावून दाट द्रवासारखी वागू लागते. या घटनेस द्रवीभवन म्हणतात. वाळूच्या एकूण वजनाच्या मानाने अगदी अल्प प्रमाणात असलेले कणबंधनही द्रवीभवनाचा प्रतिकार लक्षणीय वाढवते. मात्र हे बंध ठिसूळ असतात. हादऱ्यांची तीव्रता बंधांच्या बळाहून अधिक झाली की ते तुटतात आणि त्यानंतर वाळूचे वर्तन मुख्यतः तिच्या घनतेवर अवलंबून राहते. त्यामुळे एखाद्या जागेच्या सुरक्षिततेचा विचार करताना कणबंधन आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. अपेक्षित भूकंपात ते टिकेल काय, हे ठरवावे लागते.

द्रवीभवनाची प्रक्रिया

वाळूचे बळ प्रामुख्याने कणाकणांतील घर्षणातून येते आणि घर्षण हे कण एकमेकांवर किती जोराने दाबले गेले आहेत यावर अवलंबून असते. जमिनीतील एखाद्या पातळीवर वरच्या थराचा जो एकूण भार येतो, त्यातील काही भाग कणांचा सांगाडा पेलतो आणि उरलेला छिद्रांतील पाणी पेलते. एकूण प्रतिबलातून छिद्रजलाचा दाब वजा केला असता जे उरते त्यास प्रभावी प्रतिबल म्हणतात. मृदायांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल तेरझागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तत्त्व मांडले.

सैल वाळू हलवली असता तिचे कण अधिक जवळ येऊ पाहतात. वाळू कोरडी असेल तर ती केवळ खचते. ती संपृक्त असेल आणि हादरे इतके जलद असतील की पाण्याला निसटून जाण्यास वेळ मिळत नाही, तर आकुंचन पावू पाहणारा सांगाडा आपला भार पाण्यावर टाकतो. प्रत्येक आवर्तनागणिक छिद्रजलाचा दाब वाढत जातो आणि प्रभावी प्रतिबल घटत जाते. ते शून्यावर आले की कणांतील घर्षण संपते. अशा वेळी इमारती कलतात अथवा रुततात, जमिनीखालील पोकळ टाक्या वर येतात, किनाऱ्यालगतची जमीन पाण्याच्या दिशेने सरकते आणि दाबाखालील पाणी वाळूसह जमिनीच्या भेगांतून उसळून बाहेर पडते.

या घटनेचा पद्धतशीर अभ्यास १९६४ सालच्या दोन भूकंपांनंतर सुरू झाला. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ परिमाणाचा आणि १६ जून १९६४ रोजी जपानमधील निगाता येथे सुमारे ७.५ परिमाणाचा भूकंप झाला. निगाता येथील कावागिशी-चो वसाहतीतील बहुमजली इमारती मोडतोड न होता मुळापासून कलल्या; त्यांतील एक जवळजवळ आडवी झाली. इमारतीचा सांगाडा शाबूत असतानाही केवळ खालची वाळू बळ गमावते म्हणून ती निरुपयोगी ठरू शकते, हे या घटनेने जगापुढे आणले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी बोल्टन सीड आणि त्यांचे सहकारी यांनी आवर्ती भाराखाली वाळूच्या चाचण्या केल्या. सीड आणि इद्रिस यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेली सुलभ मूल्यमापन पद्धत आजही जगभर सुधारित स्वरूपात वापरली जाते.

नैसर्गिक कणबंधन

निसर्गात वाळूचे कण जोडणारी द्रव्ये अनेक आहेत. उष्ण प्रदेशांतील समुद्रकिनाऱ्यांवर शंखशिंपले, प्रवाळ आणि फोरॅमिनिफेरासारख्या सूक्ष्मजीवांची कवचे यांतील कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळून पुन्हा कणांच्या सांध्यांत साचते. वाळवंटी व निमवाळवंटी भागांत बाष्पीभवनामुळे वर आलेले क्षार हे काम करतात. जुन्या गाळांत सिलिका आणि लोहाची ऑक्साइडे बंधकाचे काम करतात, तर काही ठिकाणी कणांच्या सांध्यांत अडकलेली चिकणमाती दुर्बळ बंध निर्माण करते. हीच प्रक्रिया दीर्घकाळ चालू राहिली तर वाळूचा वालुकाश्म होतो. सैल वाळू आणि पक्का खडक या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेतील वाळू हा प्रस्तुत विषय होय.

ओलसर वाळूत दिसणारी पकड आणि कणबंधन यांत गल्लत करू नये. किनाऱ्यावरील ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो कणांमधील पाण्याच्या पृष्ठताणामुळे. वाळू पूर्ण संपृक्त झाली किंवा पूर्ण वाळली की ही पकड नाहीशी होते. द्रवीभवन संपृक्त वाळूतच होत असल्याने या पकडीचा त्याविरुद्ध उपयोग नाही. खरे कणबंधन पाण्याखालीही टिकते.

चुनखडीयुक्त वाळू म्हणजे बांधलेली वाळू, असेही समजता येत नाही. बंध तयार होण्यास काळ आणि अनुकूल परिस्थिती लागते. ८ ऑगस्ट १९९३ रोजी ग्वाम बेटावर झालेल्या भूकंपात आणि १५ ऑक्टोबर २००६ रोजी हवाई बेटांवर झालेल्या भूकंपात बंदरांतील प्रवाळयुक्त भरावाचे द्रवीभवन झाले. भरावातील द्रव्य चुनखडीयुक्त असले तरी त्याचे कण सुटेच होते.

कणबंधनामुळे प्रतिकार का वाढतो

कणबंधनाचा परिणाम तीन प्रकारे होतो.

पहिला परिणाम म्हणजे कणांची हालचाल रोखली जाते. सुट्या वाळूत कर्तन विकृती सुमारे ०.०१ टक्क्यांच्या पुढे गेली की कण एकमेकांवरून घसरू लागतात आणि छिद्रजलदाब साचू लागतो. या मर्यादेस उंबरठा विकृती म्हणतात. बंधांमुळे वाळू अधिक ताठ होते. तेवढ्याच हादऱ्यात तिची विकृती कमी राहते आणि ती उंबरठ्याच्या आतच राहण्याची शक्यता वाढते. कण घसरलेच नाहीत तर सांगाडा आकुंचन पावत नाही आणि पाण्यावर भार पडत नाही.

दुसरा परिणाम म्हणजे वाळूला घर्षणाव्यतिरिक्त स्वतःचे असे बळ मिळते. सुट्या वाळूत प्रभावी प्रतिबल शून्य झाले की काहीच उरत नाही. बांधलेल्या वाळूत छिद्रजलदाब वाढला तरी, बंध शाबूत असेपर्यंत, काही कर्तनबल शिल्लक राहते.

तिसरा परिणाम छिद्रांच्या आकाराशी निगडित आहे. बंधक द्रव्य छिद्रांचा काही भाग व्यापते, त्यामुळे वाळू किंचित दाट होते आणि आकुंचनाची प्रवृत्ती कमी होते. परंतु त्याच कारणाने तिची पार्यता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, घटते. दाब साचलाच तर तो ओसरण्यास अधिक वेळ लागतो. बंधकाचे प्रमाण अल्प असल्यास हा तोटा सहसा गौण असतो.

संख्यात्मक उदाहरण

बंधांचे बळ आणि भूकंपाची मागणी यांची तुलना एका साध्या गणिताने समजते. भूजलपातळी जमिनीलगत असून संपृक्त वाळूचे एकक वजन प्रति घनमीटर १९ किलोन्यूटन आहे, असे मानू. पाच मीटर खोलीवर एकूण उभे प्रतिबल ९५ किलोपास्कल, पाण्याचा दाब सुमारे ४९ किलोपास्कल आणि प्रभावी प्रतिबल सुमारे ४६ किलोपास्कल येते. जमिनीच्या पृष्ठभागावरील कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.२ पट असेल, तर सीड-इद्रिस पद्धतीनुसार सरासरी आवर्ती कर्तन प्रतिबल पुढील गुणाकाराने मिळते : ०.६५ × ०.२ × ९५ × ०.९६, म्हणजे सुमारे १२ किलोपास्कल. यातील शेवटचा गुणक खोलीनुसार होणारी घट दर्शवतो.

आता बांधलेल्या वाळूचा एखादा नमुना बाजूंनी आधार न देता दाबला असता तो १०० किलोपास्कल प्रतिबलास फुटतो, असे समजू. अशा नमुन्यात फुटण्याच्या क्षणी कमाल कर्तन प्रतिबल त्याच्या निम्मे, म्हणजे ५० किलोपास्कल असते. भूकंपाच्या १२ किलोपास्कल मागणीहून ते चौपटीने अधिक आहे. बंध टिकण्याची अपेक्षा रास्त ठरते. उलट नमुना २० किलोपास्कललाच फुटत असेल तर बंधांचे कर्तनबल १० किलोपास्कल भरते. घर्षणाचा वाटा जमेस धरला तरी बंध मागणीच्या अगदी सीमेवर असतात आणि पुनःपुन्हा येणाऱ्या आवर्तनांत ते झिजून तुटण्याची भीती असते. जपानमधील व्यवहारात द्रवीभवनरोधक प्रक्रिया केलेल्या वाळूसाठी सुमारे १०० किलोपास्कल बळाचे लक्ष्य सामान्यतः पुरेसे का मानले जाते, हे यावरून ध्यानात येते. काँक्रीटचे बळ मेगापास्कलच्या दशकांत मोजले जाते; त्या तुलनेत हे बळ नगण्य असून असा नमुना हाताने मोडता येतो.

हेच गणित १५ मीटर खोलीसाठी केले तर मागणी २८ ते २९ किलोपास्कलपर्यंत जाते. बंधांचे बळ मात्र खोलीनुसार आपोआप वाढत नाही. म्हणून उथळ थरांत कणबंधनाचा वाटा मोठा असतो आणि खोल थरांत घर्षण व घनता यांचे महत्त्व वाढत जाते.

ठिसूळपणा आणि बंधभंग

सुटी सैल वाळू आणि बांधलेली वाळू यांच्या आवर्ती चाचण्यांचे आलेख वेगळे दिसतात. सुट्या वाळूत छिद्रजलदाब आवर्तनागणिक वाढत जातो आणि विकृतीची वाढही आधीपासून जाणवते. बांधलेल्या वाळूत बराच काळ विकृती नगण्य राहते; मग काही थोड्या आवर्तनांत बंध तुटत जातात आणि विकृती एकाएकी वाढते. बंध सर्व ठिकाणी एकाच वेळी तुटत नाहीत. सर्वांत दुर्बळ सांधा आधी तुटतो, त्याचा भार शेजारच्या सांध्यांवर येतो आणि भंग पसरत जातो.

क्लफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नैसर्गिक व कृत्रिम बांधलेल्या वाळूच्या स्थिर भाराखालील चाचण्या प्रसिद्ध केल्या. कणबंधन वाढते तसे कमाल बळ वाढते, ताठरता वाढते आणि वर्तन अधिकाधिक ठिसूळ होते. परंतु बंध तुटल्यावर उरणारे बळ सुट्या वाळूच्या बळाजवळ येते, असे त्यांतून दिसले. याच संशोधकगटाने १९८९ मध्ये आणि सक्सेना व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आवर्ती भाराखालील अभ्यास प्रसिद्ध केले. अल्प कणबंधनानेही द्रवीभवन-प्रतिकार वाढतो, हा या अभ्यासांचा समान निष्कर्ष होता.

बंध आणि घनता यांचा परस्परसंबंध येथे निर्णायक ठरतो. दाट वाळूतील बंध तुटले तरी तिचे कण एकमेकांवर चढताना प्रसरण पावू पाहतात, छिद्रजलदाब खाली येतो आणि वाळू पुन्हा सावरते. सैल वाळूत मात्र बंधांनी एक पोकळ, अस्थिर रचना धरून ठेवलेली असते. एरवी स्वतःच्या भाराने जी वाळू काळाच्या ओघात थोडी तरी दबली असती, ती बंधांमुळे सैलच राहिलेली असते. असे बंध तुटले की रचना कोसळते आणि बळाचा ऱ्हास तीव्र होतो. म्हणून सैल पण बांधलेली वाळू ही बाहेरून भक्कम भासणारी, परंतु काळजीपूर्वक तपासावी अशी जमीन मानली जाते.

गाळाचे वय

जुने गाळ नव्या गाळांपेक्षा द्रवीभवनास कमी बळी पडतात, हे भूकंपोत्तर पाहणींतून फार पूर्वीच लक्षात आले होते. यूड आणि पर्किन्स यांनी १९७८ मध्ये गाळाचा प्रकार व वय यांनुसार द्रवीभवनप्रवणतेची सारणी मांडली. तीत ५०० वर्षांहून कमी वयाचे नदीपात्रातील गाळ आणि न दाबलेले भराव सर्वाधिक प्रवण, होलोसीन काळातील, म्हणजे गेल्या सुमारे ११,७०० वर्षांतील अन्य गाळ मध्यम ते अधिक प्रवण, तर प्लाइस्टोसीन काळातील गाळ सामान्यतः अल्प प्रवण गणले आहेत.

वयोमानाने येणाऱ्या या बळात कणबंधनाचा वाटा किती, हा वादाचा विषय राहिला आहे. नायजेरियातील जेब्बा धरणाच्या पायातील वाळू स्फोटांच्या साहाय्याने दाट करण्यात आली. स्फोटानंतर लगेच तिचा प्रवेशन-प्रतिकार अपेक्षेहून कमी भरला आणि नंतरच्या काही आठवड्यांत वाढत गेला. मिचेल आणि सॉलीमार यांनी १९८४ मध्ये या वाढीची कारणमीमांसा करताना कणांच्या सांध्यांत सिलिका साचत असावी, अशी शक्यता मांडली. श्मर्टमन यांनी १९९१ मध्ये वेगळी बाजू मांडली : रासायनिक बंध नसतानाही कणांची सूक्ष्म पुनर्रचना होऊन आणि भार अधिक स्थिर मार्गांनी वाहून नेला जाऊन वाळू यांत्रिकरीत्या 'जुनी' होते. आज सर्वसाधारणपणे दोन्ही प्रक्रिया मान्य केल्या जातात. अल्पकालीन वाढीत पुनर्रचनेचा आणि भूशास्त्रीय कालावधीत रासायनिक बंधांचा प्रभाव अधिक असतो.

या दोन्ही मार्गांनी मिळालेले बळ एका मोठ्या द्रवीभवनाने पुसले जाऊ शकते. एकदा द्रवरूप झालेला थर पुन्हा स्थिरावतो तेव्हा त्याचे जुने बंध उरत नाहीत; जणू तो नव्याने साचलेला गाळ असतो. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात ४ सप्टेंबर २०१० ते २३ डिसेंबर २०११ या काळातील भूकंपमालिकेत अनेक वस्त्यांत त्याच त्या जागी पुनःपुन्हा द्रवीभवन झाले. एकदा द्रवरूप झालेली जमीन दाट होऊन कायमची सुरक्षित होते, या समजाला त्यामुळे तडा गेला.

मोजमाप आणि त्यातील अडचणी

कणबंधन ओळखणे कठीण असण्याचे मुख्य कारण म्हणजे तपासणीच्या अनेक पद्धती तपासण्याजोगी गोष्टच नष्ट करतात.

नलिका जमिनीत ठोकून काढलेल्या नमुन्यात दुर्बळ बंध तुटतात. प्रयोगशाळेत असा नमुना पुन्हा त्याच घनतेचा बनवला तरी मूळ रचना परत येत नाही आणि चाचणीतून प्रत्यक्षाहून कमी बळ निघते. यावर उपाय म्हणून काळजीपूर्वक कोरून काढलेले ठोकळे वापरतात. जपानमध्ये जमिनीतील वाळू जागच्या जागी गोठवून नमुने काढण्याची पद्धत विकसित झाली. ती विश्वसनीय असली तरी खर्चिक असल्याने महत्त्वाच्या प्रकल्पांपुरतीच मर्यादित राहिली.

प्रमाण प्रवेशन चाचणी आणि शंकू प्रवेशन चाचणी या क्षेत्रीय चाचण्यांत दांडा अथवा शंकू वाळूत घुसवताना भोवतालचे बंध तुटतात. त्यामुळे या चाचण्यांचे निष्कर्ष मुख्यतः घनता दाखवतात आणि दुर्बळ कणबंधनाची नोंद त्यांत अपुरी उमटते.

कर्तन तरंगांचा वेग मोजण्याची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तरंग जाताना जमिनीत होणारी विकृती ०.००१ टक्क्यांहूनही कमी असते, म्हणून बंध अबाधित राहतात आणि त्यांची ताठरता पूर्णपणे मोजली जाते. ताठरता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बंधांमुळे वेग दुप्पट झाला तर ताठरता चौपट भरते. परंतु तीव्र भूकंपातील विकृती याहून शेकडो पटींनी मोठी असते. त्या विकृतीला बंध टिकणार नसतील, तर तरंगवेगावरून काढलेला प्रतिकार फसवा ठरतो. अँड्रस आणि स्टोको यांनी २००० साली तरंगवेगावर आधारित मूल्यमापन पद्धत मांडताना दुर्बळ बंध असलेल्या वाळूबाबत हीच सावधगिरी सुचवली.

दोन्ही पद्धतींतील हा विरोधच पुढे साधन म्हणून वापरला गेला. प्रवेशन चाचणीवरून तरंगवेगाचा अंदाज काढावा आणि प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाशी त्याची तुलना करावी. मोजलेला वेग अंदाजाहून बराच अधिक असेल तर वाळूत वयोमान अथवा कणबंधन यांचा प्रभाव आहे, असे अनुमान निघते. याच्या जोडीला नमुन्यावर विरल आम्ल टाकून कार्बोनेटची परीक्षा घेणे, सूक्ष्मदर्शकाखाली सांधे पाहणे आणि गाळाचे भूशास्त्रीय वय ठरवणे उपयुक्त असते.

कृत्रिम कणबंधन

वाळू दाट करणे हा द्रवीभवन रोखण्याचा रूढ उपाय आहे. मात्र त्यासाठी लागणारे आघात व कंपने उभ्या इमारतींजवळ, बंदरांच्या धक्क्यांलगत किंवा धावपट्ट्यांखाली चालत नाहीत. अशा ठिकाणी वाळू न हलवता तिचे कण बांधण्याचे उपाय अवलंबले जातात.

पोर्टलंड सिमेंट : भराव टाकण्यापूर्वीच वाळूत अल्प सिमेंट मिसळण्याची पद्धत जपानमध्ये समुद्र भरून काढलेल्या जमिनींसाठी वापरली गेली. अस्तित्वात असलेल्या जमिनीत फिरत्या पात्यांनी सिमेंट मिसळून स्तंभ अथवा भिंती तयार करण्याच्या पद्धतीस खोल मृदामिश्रण म्हणतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात जॅक्सन लेक धरणाच्या पायासाठी १९८० च्या दशकात ही पद्धत वापरण्यात आली.

खोल मृदामिश्रणाच्या भिंती चौकटींच्या जाळ्यासारख्या रचल्या तर आतील वाळू सुटीच राहते; पण भिंती तिची विकृती मर्यादित ठेवतात. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे येथे झालेल्या भूकंपात याची कसोटी लागली. बंदरातील एका बहुमजली हॉटेलच्या पायाभोवती असे जाळे केलेले होते. सभोवतालचे धक्के अर्धा ते दोन मीटर समुद्राकडे सरकले, तरीही इमारतीच्या पायाला लक्षणीय इजा झाली नाही. येथे फायदा प्रत्येक कण बांधल्याने झाला नाही, तर बांधलेल्या भिंतींनी सुट्या वाळूला कोंडून धरल्याने झाला. कणबंधन आणि कोंडण हे दोन वेगळे उपाय आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कलिली सिलिका : अतिसूक्ष्म सिलिकाकण पाण्यात तरंगत ठेवलेले हे द्रावण आरंभी जवळजवळ पाण्याइतकेच पातळ असते. त्यामुळे ते कमी दाबाने वाळूत दूरवर मुरते आणि ठरवलेल्या अवधीनंतर त्याचे जेल बनते. या जेलमुळे मिळणारे बळ सिमेंटच्या तुलनेने कमी असले तरी आवर्ती भाराखालील विकृती मोठ्या प्रमाणात घटते. उभ्या इमारतींखाली खोदकाम न करता उपचार करता येणे, हा तिचा मुख्य फायदा.

जीवाणूजन्य कॅल्साइट : स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा मातीत आढळणारा जीवाणू युरिएज हे विकर तयार करतो. त्याच्यामुळे युरियाचे विघटन होऊन कार्बोनेट व अमोनियम आयन निर्माण होतात. सोबत कॅल्शियम क्षार दिल्यास कॅल्शियम कार्बोनेट अवक्षेपित होते आणि त्यातील परिणामकारक भाग कणांच्या सांध्यांवर बसतो. डीजाँग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा वाळूच्या कर्तन चाचण्या प्रसिद्ध केल्या. माँटोया, डीजाँग आणि बोलँजर यांनी २०१३ मध्ये अपकेंद्री यंत्रावरील प्रतिकृतींच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत बांधलेल्या वाळूत छिद्रजलदाब व खचण दोन्ही कमी आढळले. मात्र कणबंधन अधिक तीव्र असता पृष्ठभागावरील त्वरण वाढले. द्रवरूप होणारा थर हादऱ्यांची ऊर्जा काही अंशी अडवतो, तर ताठ झालेला थर ती वर पोहोचू देतो. त्यामुळे जमीन वाचते, परंतु तिच्यावरील इमारतीला अधिक जोराचे हादरे बसू शकतात. कणबंधन जितके अधिक तितके चांगले, असे नसून प्रकल्पाला आवश्यक तेवढेच ते असावे, हा या प्रयोगांचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

जीवाणूजन्य पद्धतीच्या दोन अडचणी आहेत. अमोनियम आयन भूजलात मिसळू न देता काढून टाकावे लागतात. शिवाय बंध सर्वत्र सारखे होत नाहीत : नेदरलँड्समध्ये १०० घनमीटर वाळूवर केलेल्या प्रयोगातील नमुन्यांचे बळ एक मेगापास्कलहून कमी ते दहा मेगापास्कलहून अधिक इतके बदलत गेले.

भारतातील संदर्भ

भारतात द्रवीभवनाचे मोठे प्रसंग नद्यांच्या तरुण गाळांत आणि किनारी सखल भागांत घडले आहेत. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात उत्तर बिहारच्या विस्तृत पट्ट्यात जमीन खचली आणि भेगांतून वाळू व पाणी बाहेर पडून शेते झाकली गेली. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कच्छच्या रणात व कांडला परिसरात द्रवीभवन झाले. हे गाळ भूशास्त्रीयदृष्ट्या अलीकडील असून त्यांतील वाळूला बंध तयार होण्याइतका काळ मिळालेला नाही.

कणबंधनाचे दुसरे टोकही भारताच्या पश्चिम भागात दिसते. सौराष्ट्रातील मिलिओलाइट हा चुनखडक म्हणजे सागरी सूक्ष्मजीवांच्या कवचांची वाळू कॅल्साइटने सांधली जाऊन बनलेला खडक होय. पोरबंदरी दगड म्हणून ओळखला जाणारा हा दगड मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील अनेक इमारतींत वापरला गेला आहे. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या परिसरातील समुद्रतळावरही चुनखडीयुक्त वाळू आढळते. तिच्यातील ठिसूळ कण व बंध खांब ठोकताना चुरडतात आणि खांबाच्या पृष्ठभागावरील घर्षण अपेक्षेहून कमी मिळते. भूकंपाशी संबंध नसलेल्या या समस्येचे मूळ बंधभंगातच आहे.

भूकंपरोधक संरचनांसंबंधीच्या भारतीय मानक १८९३ (भाग १) च्या २०१६ मधील आवृत्तीत द्रवीभवनाच्या मूल्यमापनाची सुलभ पद्धत परिशिष्टात दिलेली आहे.

संरचना-नियोजनातील स्थान

मूल्यमापनाच्या रूढ पद्धती प्रामुख्याने होलोसीन काळातील, बंध नसलेल्या अथवा नगण्य बंध असलेल्या वाळूच्या अनुभवावर रचलेल्या आहेत. बांधलेल्या वाळूला त्या जशाच्या तशा लावल्यास दोन्ही बाजूंनी चूक संभवते. कणबंधनाकडे दुर्लक्ष केल्यास मुळात सुरक्षित असलेल्या जमिनीवर अनावश्यक खर्च होतो. त्यावर आंधळा विश्वास ठेवल्यास तीव्र भूकंपात एकाएकी बळ गमावणारी जमीन सुरक्षित समजली जाते.

त्यामुळे नियोजनात सामान्यतः तीन गोष्टी तपासल्या जातात. पहिली, अपेक्षित भूकंपात निर्माण होणारे कर्तन प्रतिबल आणि बंधांचे बळ यांच्यात पुरेसे अंतर आहे काय. भूकंपाचे परिमाण जितके मोठे तितकी आवर्तने अधिक, ७.५ परिमाणाचा भूकंप सुमारे १५ समान आवर्तनांच्या बरोबरीचा धरण्याची प्रथा आहे आणि बंधांचा थकवा या संख्येवर अवलंबून असतो. दुसरी, बंध तुटलेच तर मागे उरणारी वाळू दाट आहे की सैल. तिसरी, बंध इमारतीच्या आयुष्यभर टिकतील काय. आम्लधर्मी पाण्यात कॅल्साइट विरघळतो, क्षारांचे बंध गोड्या पाण्याने धुऊन जातात आणि लगतच्या खोदकामाने अथवा खांब ठोकण्यानेही दुर्बळ बंध मोडतात. पूर्वीच्या सौम्य भूकंपात एखादी जागा सुरक्षित राहिली, एवढ्यावरून तेथील बंध पुढील तीव्र भूकंपातही टिकतील असे अनुमान काढता येत नाही.